जित्ता चुना

आई, चार दिवसांपूर्वी शेडवर चुन्याची गाडी आली आणि परवा मी दोन दिवसांसाठी माल थांबवला. का थांबवला ते लेखी द्या, असं साहेबांनी सांगितलंय. तो कागद समोर ठेवूनच मी बसले आहे. कारणासाठी त्यावर चार ओळींची जागा सोडलेली आहे. पहिली ओळ लिहून झाली, मग हात पुढे जाईना, म्हणून दुसरी वही ओढली आणि तुला लिहू लागले. दुपारचे तीन वाजलेत. रोलर बंद आहे, त्यामुळे शेडमध्ये नेहमीची घरघर नाही, नुसता वरचा पत्रा उन्हानं तडतडतोय. मी थकले आहे. कामानं म्हणावं तर काम परवापासून बंदच आहे. हा शीण जुना आहे, आज बसायला सवड मिळाली म्हणून कळला इतकंच.

तुला जाऊन चौदा वर्षं झाली. सुप्याची ही शेड आता तिप्पट झाली आहे, रोलर नवे आलेत, वजनकाटा कॉम्प्युटरवर चालतो. पण काम तेच आहे. पोलादाच्या कारखान्यांतून भट्टीची धूळ येते, सळया लाटताना गळालेली लोखंडाची काळी खपली येते. ती धूळ तशीच परत भट्टीत टाकली तर धुराबरोबर उडून जाते. म्हणून तिच्यात चुना आणि साखर कारखान्यातली मळी कालवायची, रोलरखाली दाबून मुठीएवढे गोळे काढायचे, तीन दिवस सावलीत वाळवायचे आणि पुन्हा भट्टीकडे धाडायचे. आमच्या कागदांवर त्याला ब्रिकेट म्हणतात. तू आणि तुझ्यासोबतच्या बाया लाडू म्हणायच्या. आजच्या बायाही लाडूच म्हणतात, त्यांना ते कुणी शिकवलेलं नाही.

तू इथं पहिल्यांदा आलीस तेव्हा मी आठवीत होते. त्याआधीच्या हंगामात उसाची मोळी डोक्यावर घेऊन गाडीच्या फळीवर चढताना तुझा पाय सरकला होता, आणि तेव्हापासून तुझी कंबर धड नव्हती. इतकी वर्षं तुम्ही नवरा-बायको जोडीनं जायचात, त्या वर्षी दादा एकटेच ऊसतोडीला गेले, तू मला घेऊन जामखेड सोडलंस आणि सुप्याला मावशीच्या शेजारी खोली घेतलीस. शेडवर बायांना लाडू पसरायचं आणि उलथायचं काम होतं, त्यात डोक्यावर ओझं नव्हतं. पहिल्या दिवशी संध्याकाळी तू घरी आलीस ती कोपरापर्यंत काळी होऊन, आणि अंगाला मळीचा तो आंबूस गोड वास. मी नाक मुरडलं तर हसलीस. म्हणालीस, "उसानं काय माझी पाठ सोडली न्हाई बग. तिकडं तोडला, हितं त्याचा गाळ कालवायचा."

शाळा सुटल्यावर मी दप्तर घेऊन शेडच्या कडेला येऊन बसायचे. तुम्ही बाया ओळीनं ओणव्या, हातात लाकडी फावडी. रोलरवर नगरचे चाचा असायचे, डोक्याला हिरवा रुमाल. एखादी बाई लाडू आपटून बघायची आणि ओरडायची, "चाचा, ह्यो लाडू पावन्याला दिला तर पावना परत यायचा न्हाई." चाचा रोलरच्या आवाजावर आवाज चढवून म्हणायचे, "खुदा करे आणि यायचाच नसो. दात गेले तर माझ्या रोलरचे बी जातील की बाई!" आता चाचाही नाहीत. त्यांचा रुमाल गुंडाळायचा दांडा मात्र अजून तिथंच आहे, नव्या रोलरच्या शेजारी, कशाच्याच उपयोगाचा नसलेला.

चुन्याचं काम तुझ्याकडे कसं आलं ते मला नीट आठवत नाही. तेव्हा तयार चुना येत नसे, कळीचा यायचा, खड्यांचा. त्यावर पाणी शिंपडायचं, तो फुसफुसत फुटायचा, वाफा निघायच्या, मग ओल्या गोणपाटाखाली एक दिवस एक रात्र मुरू द्यायचा आणि चाळून घ्यायचा. चाळलेला चुना दिसायला पिठासारखा. पण त्यात काही जळकट कण असतात, ते आडमुठे, पाणी उशिरा पितात. असा न विझलेला कण लाडवाच्या पोटात गेला की दोन दिवसांनी आतल्या आत फुगतो आणि लाडू फोडतो. हे सगळं मी नंतर डिप्लोमाच्या पुस्तकात वाचलं. तुला ते हातानं माहीत होतं. तू तळवा ओला करायचीस, त्यावर चिमूटभर चुना घ्यायचीस आणि मूठ मिटायचीस. मिटून, आत ऊब लागते का ते जोखत, नुसती उभी राहायचीस. पान लावून, चघळून, थुंकून होईल इतका वेळ. घाईचं काम खोळंबलेलं असलं तरी तू हलत नसायचीस. मग मूठ न उघडताच सांगायचीस, "मेलाय. घ्या." किंवा, "अजून जित्ता हाय, ऱ्हाऊ द्या." एकदा मी तुझ्या मुठीला बाहेरून हात लावून बघितला. मला काहीच कळलं नाही. तू म्हणालीस, "लगेच कळत न्हाई. थांबावं लागतं."

मग मी शिकले. डिप्लोमा झाला आणि त्याच शेडच्या लॅबमध्ये मला घेतलं. लॅब म्हणजे एक खोली, एक वजनकाटा, ओल मोजायची भट्टी, आणि दाराबाहेर एक लोखंडी पाट. त्या पाटावर छातीइतक्या उंचीवरून लाडू तीनदा टाकायचा आणि किती चुरा होतो ते पाहायचं. माझी सही झाल्याशिवाय माल पुढे जायचा नाही. पहिल्या दिवशी तू कामाच्या मधल्या सुट्टीत लॅबच्या दारात आलीस. आत आली नाहीस, पाय काळे होते म्हणून. रजिस्टरवर मी सही कशी करते ते बाहेरून बघितलंस आणि गेलीस. त्या संध्याकाळी तू सगळ्यांना शेंगदाण्याचे लाडू वाटलेस, खरे लाडू. चाचांनी आधी पाटावर टाकून बघू का म्हणून विचारलं होतं.

ज्या दिवसाबद्दल लिहायला मी बसले आहे तो दिवाळीनंतरचा आहे. मला लागून चार महिने झाले होते, नोकरी अजून कायम व्हायची होती. सुट्ट्यांमुळे माल मागे पडलेला, साहेब सकाळपासून दोनदा लॅबमध्ये येऊन गेलेले. चुना आदल्या संध्याकाळीच विझवला होता, गोणपाटाखाली रात्रभरच राहिलेला. चाळून झाला, मिक्सर सुरू करायचा होता. आणि तू मूठ मिटून उभी. मी बाहेर आले, माझ्या मागे साहेब. मी म्हणाले, आई, सुरू करा. तू म्हणालीस, "जित्ता हाय. उद्या सकाळपर्यंत ऱ्हाऊ दे." मी म्हणाले, मी चाळणीचा माल बघितलाय, चांगला आहे. तू म्हणालीस, "दिसाया चांगलाच हाय गं. पन ऊन लागाया लागलंय हाताला." साहेबांनी घड्याळ बघितलं. बाकीच्या बाया फावड्यांवर हात ठेवून आपल्या दोघींकडे बघत होत्या. मला वाटलं, आत्ता मी तुझं ऐकलं तर ह्या सगळ्यांच्या नजरेत मी लॅबवाली नाही, तुझी पोरगीच राहणार.

मी म्हणाले, "आई, इथं तुझा अंगठा चालत नाही. माझी सही चालते."

तू मूठ उघडलीस. चुना लुगड्याच्या पदराला पुसलास. "बरं, म्याडम," म्हणालीस. बाया इतर वेळी अशा बोलण्यावर हसल्या असत्या, त्या दिवशी कुणी हसलं नाही. तू स्वतःच्या हातानं चुन्याच्या पाट्या मिक्सरमध्ये टाकल्यास, एकही कमी नाही. लाडू सुरेख निघाले, काळेभोर, कडा धारदार. मी ताजाच एक घेऊन पाटावर टाकला, तीनही वेळा टिकला. मी रजिस्टरमध्ये वेळ घातली, सही केली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी आले तर शेडमध्ये सगळे उभे होते. जमिनीवर लाडू होते तसेच ओळीनं पसरलेले, लांबून काही झालेलं दिसत नव्हतं. जवळ गेल्यावर प्रत्येकावर केसाएवढ्या भेगा, आणि एक उचलला तर हातात भुगा. शेडभर असंच. चार ट्रकांचा माल होता. साहेब पायानं एकेक लाडू दाबत पुढे चालले होते आणि तो बसताना फक्त एक मऊ आवाज येत होता. शेवटाला पोचून त्यांनी विचारलं, "चुना कुणी घातला?"

"म्या घातला, साहेब," तू म्हणालीस.

"मुरला होता?"

"न्हवता. मुरायच्या आदीच घातला. घाई केली म्या."

"कुणी सांगितलं होतं घालायला?"

"कुनी न्हाई."

रजिस्टर माझ्या काखेत होतं. उघडलं असतं तर त्यात वेळ होती, सही होती. साहेबांना ते आठवत नसेल असं मला कधीच वाटलं नाही. ते तिथंच होते की, घड्याळ बघत. पण तू सांगितलंस ते त्यांच्याही सोयीचं होतं. मी काखेतलं रजिस्टर आणखी घट्ट दाबून धरलं. चाचांनी माझ्याकडे बघितलं, मग वाकून रोलरचे नट आवळू लागले, जे आवळलेलेच होते. पुढे कितीतरी महिन्यांनी चहा पिताना ते मला म्हणाले, "बेटी, तुमच्या अम्मीला खोटं बोलायची सवय न्हाई. तरी त्या दिवशी किती साफ बोलली." एवढंच. पुन्हा कधी विषय काढला नाही.

तुला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. संध्याकाळी तू नेहमीसारखी भाकरी थापत होतीस, मी भिंतीला टेकून बसले होते. मी म्हणाले, आई, ते साहेबांपुढं तू... तू तव्यावरची भाकरी उलटलीस. "खाऊन घे. गार व्हईल." मी रडायला लागले तर वळून न बघता म्हणालीस, "तुजी सही पुसायची न्हवती मला. लई वर्सं लागली ती शिकाया." त्यानंतरच्या आठवड्यात दादा तोडीला निघाले आणि तू त्यांच्याबरोबर गेलीस. त्या कमरेनं. पुन्हा कोयता, पुन्हा मोळ्या, पुन्हा ती फळी. मी स्टँडवर सोडायला आले होते. तू खिडकीतून सांगितलंस ते शेडबद्दल होतं. खालच्या कोपऱ्यातल्या लाडवांना ओल लागते, तिथं पोती टाकाया सांग, म्हणून.

हंगाम संपून तू परत आलीस तेव्हा पिशवीत भांडी, कपडे आणि एक प्लॅस्टिकची बाटली होती, तोंडाला फडकं बांधलेली. मला वाटलं काकवी असेल. तू म्हणालीस, "मळी हाय. कारखान्यातनं मागून आनली. ह्या वर्साची पातळ हाय, बग तू. पानी कमी घालाया लागंल तुला." सहा महिने ऊस तोडून, कंबर धरून चालत, तू माझ्यासाठी ती बाटली सांभाळून आणली होतीस. मी ती लॅबमध्ये नेली. तू म्हणालीस तशीच होती. मी पाणी कमी केलं, रजिस्टरमध्ये तसं लिहिलं, खाली सही केली. घरी आल्यावर तू विचारलंस, "फुटत्यात का अजून?" मी नाही म्हणाले. "मंग झालं," म्हणालीस.

त्यानंतरही एक हंगाम गेलीस. मग कमरेनं साथ सोडली आणि तू माझ्याजवळ राहिलीस, जवळजवळ सहा वर्षं. सहा वर्षं रोज सकाळी तुला चहा दिला, पाठीला तेल चोळलं, शेडमध्ये काय झालं ते सांगितलं. एवढी एक गोष्ट सोडून सगळं बोलले. शेवटी शेवटी तुझी उजवी मूठ मिटलेलीच असायची. बोटं सोडवून तेल लावायला गेले की झोपेतच म्हणायचीस, "थांब की."

आता मी शेडची इन्चार्ज आहे. आणि तुझी ती मूठ आहे ना, ती इथं माझ्या नावानं चालते. बाहेरून कुणी शेड बघायला आलं की साहेब, म्हणजे आताचे, नवे, कौतुकानं सांगतात की आमच्या मॅडमकडे चुन्याची स्वतःची चाचणी आहे, बघा. मग मी तळवा ओला करते, चुना घेते, मूठ मिटून उभी राहते. लोक फोटो काढतात. मी कधीही म्हणाले नाही की ही माझी नाही. त्याहून वाईट म्हणजे, आई, मला ती ऊब कळत नाही. कधीच कळली नाही. वीस-बावीस वर्षं पेन धरलेला माझा हात मऊ आहे, घामट आहे, त्याला सगळंच सारखं लागतं. मी मूठ मिटते आणि चुन्यापाशी उभ्या असलेल्या बाईच्या तोंडाकडे बघते. तिचा चेहरा बघून सांगते.

परवा तिथं खर्ड्याकडची एक काकू होती. तुझ्यासारखीच ऊसतोडीतून आलेली, बोलणंही तुझंच. बाजारात तयार चुना मिळेना म्हणून आम्ही पुन्हा कळीचा मागवलाय. काकूनं मूठ मिटली आणि हळूच माझ्याजवळ येऊन म्हणाली, "म्याडम, ह्यो जित्ता हाय वाटतं." लॅबमधली नवी मुलगी थर्मामीटर घेऊन उभी होती, हुशार आहे, मन लावून काम करते. ती म्हणाली, मॅडम, रीडिंग नॉर्मल आहे. मी मूठ मिटली. काही कळलं नाही. काकूकडे बघितलं तर ती जमिनीकडे बघत होती. मी म्हणाले, थांबवा, दोन दिवस मुरू द्या. मुलगी अदबीनंच म्हणाली, "मॅडम, काकूंच्या सांगण्यावरून?" काकू घाबरली. जेवणाच्या सुट्टीत माझ्या मागं मागं आली. "म्याडम, पाया पडते, माजं नाव नका घेऊ. दोन दिस बंद ऱ्हायलं म्हून मलाच काढत्याल." मी तिला बस म्हटलं, पाणी दिलं.

चुना आता विझलाय. उद्यापासून काम सुरू होईल, लाडू चांगले होतील, आणि तो परवा खरंच जित्ता होता की नाही हे कुणालाही सिद्ध करता येणार नाही. जे फुटलं नाही ते दाखवता येत नाही. साहेब म्हणतात, मॅडम, दोन दिवस गेले, मला वरती काहीतरी सांगावं लागेल. त्यांचंही बरोबर आहे. काकूचं नाव लिहिलं तर ती जाते. माझ्या मुठीला कळलं असं लिहिलं तर ते पुन्हा एकदा तुझं माझ्या नावावर घेणं होतं.

मघाशी मी हे पान तसंच ठेवलं आणि साहेबांचा कागद पूर्ण केला. पहिल्या ओळीत लिहिलं होतं की चुना पूर्ण विझलेला नसावा अशी शंका आल्यानं माल थांबवला. दुसऱ्या ओळीत, हा निर्णय माझा एकटीचा आहे. मग, पूर्वी अशाच चुन्यामुळे शेडभर माल फुटला होता, तो चुना माझ्या सांगण्यावरून आणि माझ्या सहीनं वापरला गेला होता, असं लिहिलं. आणि शेवटची ओळ, की तेव्हा चुन्यावर काम करणाऱ्या बाईनं नको म्हणून सांगितलं होतं, मुठीची चाचणी तिची आहे, आणि दोष तिच्यावर गेला तो खरा नव्हता. चार ओळींत मावलं नाही, मागच्या बाजूला गेलं. खाली सही केली. साहेबांना याचं काय करावं ते कळणार नाही. लॅबमधल्या मुलीबरोबर कागद पाठवून दिला, आता तो परत घेता येणार नाही.

हे पत्र मात्र कुठं पाठवणार? दादा ऊसतोडीच्या तळावरून कुणाकडून तरी लिहून कार्ड पाठवायचे, ते तुला मीच वाचून दाखवायचे. त्यांना ताप आला होता, कोयता लागला होता, असलं काही असलं की मी ते टाळून पुढचं वाचायचे. तू पीठ मळता मळता थांबायचीस आणि माझ्या तोंडाकडे बघायचीस. "गाळलंस व्हय कायतरी? वाच समदं." हेही तुला वाचून दाखवायचं झालं तर मीच दाखवणार, आणि तू तशीच थांबून बघणार.

व्हय, गाळलंय. साहेबांच्या कागदावर मी 'चुन्यावर काम करणारी एक बाई' असं लिहिलं आहे. 'माझी आई' असं लिहिलेलं नाही.